गुरु घडविणारी शाळा
(सोलापूर आकाशवाणी केंद्रावरून झालेलें भाषण)



एखाद्या संगीतविद्यालयाची थोरवी कशानें मोजावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. पुष्कळांचें उत्तर ठरलेलें असतें: त्या शाळेंतून किती नामांकित गवई बाहेर पडले तें मोजा, म्हणजे झालें. मला हें माप अपुरें वाटतें. तें कां, हें सांगण्यासाठीं मी आपल्याला प्रथम बऱ्याच लांबच्या एका शहरांत नेणार आहें आणि मग लौकरच घरीं परत आणणार आहें.

जर्मनींत लाइपझिग नांवाचें एक जुनें व्यापारी शहर आहे. तेथें १८४३ सालच्या एप्रिल महिन्यांत फेलिक्स मेंडेल्सझोन या विख्यात संगीतकारानें एक संगीतविद्यालय उघडलें. ब्ल्यूमनर नांवाच्या एका न्यायाधिकाऱ्यानें मृत्युपत्रान्वयें कलाकार्यासाठीं २०,००० टालर ठेविले होते. सॅक्सनीच्या राजानें ती रक्कम या कामीं देण्यास संमति दिली, आणि शहरांतील प्रसिद्ध संगीतगृहाच्या आवारांतच वर्ग भरूं लागले. शिक्षक तरी कसे! रचनेसाठीं स्वतः मेंडेल्सझोन, पियानोसाठीं रॉबर्ट शूमान, व्हायोलिनसाठीं फर्डिनांड डेव्हिड, संगीतशास्त्रासाठीं मॉरिट्झ हाउप्टमान. पुढें १८४६ सालीं लंडनमधील आपला जम बसलेला व्यवसाय सोडून इग्नाझ मोशेलेस हा नामांकित पियानोवादकही तेथें येऊन शिक्षक झाला.

आतां यांतली गंमत पाहा. शूमान हा केवढा मोठा कलावंत! पण वर्गांत तो फारसा बोलतच नसे, आणि १८४४ सालीं तो शहर सोडून गेलाही. १८५८ सालीं नॉर्वेहून एडवर्ड ग्रीग हा १५ वर्षांचा मुलगा या विद्यालयांत आला. तो पुढें जगप्रसिद्ध झाला, परंतु तेथील शिक्षणाविषयीं त्यानें जन्मभर कुरकुरच केली. म्हणजे थोर कलावंत हा थोर शिक्षक असतोच असें नाहीं, आणि थोर शिष्य हा समाधानी शिष्य असतोच असेंही नाहीं. मग लाइपझिगचें मोठेपण कशांत? तेथें शिकलेला आर्थर सलिव्हन १८७६ सालीं लंडनच्या एका नव्या संगीतशाळेचा पहिला प्राचार्य झाला. मेंडेल्सझोनच्या हाताखालीं तयार झालेल्या योआकिमनें १८६९ सालीं बर्लिनमध्यें असेंच विद्यालय उभें केलें. एका शाळेच्या पोटीं अनेक शाळा जन्मास आल्या. माझ्या मतें खरें माप तें हेंच.

हें माप घेऊन आतां घरीं येऊं. घरीं म्हणतों आणि लाहोरचें नांव घेतों, याचें आपल्याला आश्चर्य वाटेल. परंतु लाहोरचें तें घर आपल्या मिरजेकडच्या माणसानें बांधलेलें होतें.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास एका कीर्तनकाराच्या घरीं झाला. लहानपणीं शोभेच्या दारूच्या अपघातानें डोळे अधू झाले, शाळेचें शिक्षण तुटलें, आणि हा मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं गाणें शिकण्यास राहिला. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत आणून रुजविणारे पुरुष. ती विद्या मिळविण्यासाठीं त्यांनीं स्वतः काय हाल सोसले, तो एका निराळ्याच भाषणाचा विषय होईल. त्या काळीं गाणें शिकणें म्हणजे गुरूच्या घरचें पाणी भरावें, अंथरुणें घालावीं, गुरूबरोबर गांवोगांव हिंडावें, आणि त्यांची मर्जी लागली तर एखादी अस्ताई पदरांत पडावी, असा प्रकार होता. विष्णु दिगंबरांनीं अशीं सुमारें १२ वर्षें काढलीं.

असें सांगतात कीं, मिरजेंतील एका समारंभाचें निमंत्रण या तरुण शिष्यास आलें, पण त्याच्या गुरूस आलें नाहीं. कारण विचारतां, ते काय, गवई आहेत, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. ज्या माणसापाशीं आपण सारी उमेद घालविली त्याची समाजांत किंमत ही! १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली. पुढें बडोदें, काठेवाड, ग्वाल्हेर, पंजाब असे हिंडत असतां त्यांनीं एक धाडस केलें. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत बिदागीची वाट पाहत बसण्याऐवजीं त्यांनीं तिकिटें लावून सर्व लोकांसाठीं जलसे केले. शहाण्यासुरत्यांना तें विचित्र वाटलें असेल. परंतु पैसे देऊन ऐकणारा श्रोता गवयाला आश्रित मानीत नाहीं, हें त्यांना कळून चुकलें होतें.

१९०१ सालच्या मे महिन्याच्या ५ तारखेस लाहोरांत गांधर्व महाविद्यालयाचें दार उघडलें. येथें ब्ल्यूमनरचें मृत्युपत्र नव्हतें, राजाची देणगी नव्हती, शहराचें संगीतगृह नव्हतें. पहिल्या कांहीं दिवसांत तर विद्यार्थीही नव्हते. ठरल्या वेळीं गुरुजी तंबोरा घेऊन वर्गांत बसत आणि एकटेच गात. मला हें चित्र फार मोठें वाटतें. जलशांत हजारों माणसें डोलविणारा २८ वर्षांचा गवई रिकाम्या सतरंजीसमोर वेळापत्रक पाळीत बसलेला आहे!

विद्यार्थी आले, आणि मग पुष्कळ आले. कारण येथें जें मिळत होतें तें दुसरीकडे मिळत नव्हतें. ठराविक तास, ठराविक फी, क्रमवार अभ्यास, छापील पुस्तकें, वर्षाअखेर परीक्षा. या शाळेनें स्वतःचा छापखाना घातला. 'संगीत बालप्रकाश', 'रागप्रवेश' अशीं पुस्तकें स्वरलिपीसह छापलीं. 'संगीतामृत प्रवाह' नांवाचें मासिक काढलें. स्त्रियांसाठीं वर्ग उघडले. आज आपल्याला यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. पण ज्या काळीं गाणें म्हटलें कीं सभ्य घरांतल्या वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडत, त्या काळीं आपल्या मुलीला हातांत वही देऊन गाण्याच्या वर्गास पाठविणें ही केवढी उडी होती, हें ज्यांनीं आपल्या आजीच्या तोंडून ऐकलें असेल त्यांनाच कळेल.

मी शाळेचा गाभा मानतों तो मात्र निराळाच. त्यास 'उपदेशक वर्ग' म्हणत. कांहीं निवडक मुलांना विद्यालयांतच ठेवून घेत. त्यांच्या राहण्याजेवण्याचा भार गुरुजींवर. त्याच्या बदल्यांत मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं नऊ वर्षें शाळा न सोडण्याचा करार लिहून द्यावयाचा. हीं मुलें स्वतः शिकत आणि खालच्या वर्गांना शिकवीत. नऊ वर्षांनीं जो बाहेर पडे त्यानें कोठेंतरी जाऊन शाळा काढावी, हा सारा बेत. आपल्याला तानसेन नव्हे, कानसेन घडवावयाचे आहेत, असें विष्णु दिगंबर म्हणत असत, हें प्रसिद्धच आहे. परंतु कानसेन घडविण्यास आधीं गांवोगांव मास्तर पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें होतें, आणि त्या मास्तरांचाच हा कारखाना होता.

१९०८ सालीं मुंबईस विद्यालय उघडलें, आणि पुढें सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत उभी राहिली, ती कर्जावर. कर्ज फेडण्यासाठीं गुरुजींनीं दौऱ्यामागून दौरे काढावे, जलसे करावे, आणि तरी व्याज पुढेंच पळावें. इकडे त्यांचें मनही हळूहळू रामभक्तीकडे वळलें होतें. १९२४ च्या सुमारास ती इमारत कर्जापायीं गेली. गुरुजी नाशकास आपल्या रामनाम आधार आश्रमांत राहिले, आणि १९३१ सालच्या ऑगस्टांत ज्या मिरजेहून ते निघाले होते तेथेंच त्यांचा देह पडला. हिशेबनीस म्हणेल कीं संस्था बुडाली. पण हिशेब अजून पुरा झाला नव्हता.

पहिलें नांव घ्यावयाचें तें नारायण मोरेश्वर खरे यांचें. गांधीजींना आश्रमासाठीं एक संगीतशिक्षक हवा होता. विष्णु दिगंबरांनीं आपला हा शिष्य दिला. खऱ्यांनीं मैफलींचें जग सोडलें आणि साबरमतीस सूत कातणाऱ्या, शेतांत राबणाऱ्या माणसांना स्वरांत प्रार्थना म्हणावयास शिकविलें. 'आश्रम भजनावलि' त्यांनींच सिद्ध केली. १९३० सालीं दांडीच्या वाटेवर जे निवडक सत्याग्रही गांधीजींबरोबर चालले त्यांत ते होते. १९३८ सालीं हरिपुरा येथें काँग्रेसच्या अधिवेशनाच्या तयारींत असतां त्यांचा अंत झाला. गवई म्हणून त्यांचें नांव आज किती जणांना ठाऊक आहे? आणि त्यांनीं बसविलेल्या चालींवर प्रार्थना म्हणणारीं माणसें किती झालीं असतील?

ओंकारनाथ ठाकूर हे गुजराथेंतले; कोवळ्या वयांतच लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले आणि १९५० सालीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. नारायणराव व्यास यांच्या ध्वनिमुद्रिका तर आमच्या लहानपणीं सोलापुरांतल्या कितीतरी घरांत वाजत असत. त्यांनीं व त्यांचे बंधु शंकरराव यांनीं दादरला व्यास संगीत विद्यालय चालविलें. या दोघांविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे, म्हणून मी पुढें जातों.

थांबतों तो विनायकराव पटवर्धनांपाशीं. हे मिरजेचे. १९०७ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, मिरज संस्थानच्या शिष्यवृत्तीवर लाहोरास गेले. पुढें १९२२ सालापासून बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळींत नायकाच्या भूमिका करूं लागले. त्या काळीं गंधर्व मंडळींतला नायक म्हणजे काय वैभव होतें, तें मीं सांगावयास नको. चित्रपटांतही त्यांनीं काम केलें. गुरुजी वारले, आणि पुढच्याच वर्षीं, १९३२ सालच्या मे महिन्याच्या ८ तारखेस, विनायकरावांनीं पुण्यास गांधर्व महाविद्यालय उघडलें. रंगभूमि सुटली. पुढचीं ४० वर्षें हा माणूस खडू घेऊन फळ्यावर स्वर लिहीत राहिला आणि 'राग विज्ञान'चे सात भाग लिहीत राहिला.

याच वेळची एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. विष्णु दिगंबरांचीं बहुतेक अपत्यें बाळपणींच गेलीं होतीं. दत्तात्रेय हा एक मुलगा उरला होता, आणि वडील गेले तेव्हां तो अवघा दहा वर्षांचा होता. ज्या शिष्यांना बापानें घडविलें त्यांनीं आतां मुलाला घडविलें. विनायकरावांनीं त्याला शिकविलें, नारायणरावांनीं शिकविलें. तोच पुढें द. वि. पलुस्कर या नांवानें साऱ्या देशाचा लाडका गायक झाला आणि १९५५ सालच्या विजयादशमीस, अवघ्या ३४ व्या वर्षीं, चटका लावून गेला. त्याचें तें निर्मळ गाणें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांनीं वस्तुतः एका शाळेचीं सारीं वर्षें एका गळ्यांत ऐकलीं.

आणि बा. र. देवधर. हेही मिरजेचेच. १९२५ सालीं मुंबईस त्यांनीं स्वतःची संगीतशाळा काढली. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनीं अभ्यास केला होता. कदाचित् म्हणूनच असेल, घराण्याघराण्यांमधल्या भिंतींचा त्यांना मुळींच धाक वाटत नसे. दुसऱ्या घराण्याचा उस्ताद मुंबईस आला कीं इतर ठिकाणीं दारें ओढून घेत. देवधर त्याला बोलावून आणीत आणि मुलांना समोर बसवीत. १९३५ च्या सुमारास बेळगांवकडचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा कानडी मुलगा त्यांच्याकडे आला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गाणारा म्हणून तो आधींच गाजत होता, आणि अशा मुलाचें पुढें काय होतें हें आपण पाहतोंच: टाळ्या मिळतात आणि गाणें तेथेंच राहतें. देवधरांनीं त्याला नकलेंतून बाहेर काढलें, पण स्वतःची नक्कल मात्र करूं दिली नाहीं. कुमार गंधर्वांचें गाणें ऐकून त्यांचे गुरु कोण हें ओळखतां येत नाहीं, असें कोणी म्हणालें तर देवधरांच्या शिकविण्याची याहून मोठी स्तुति मला तरी सुचत नाहीं.

आतां दुसरी बाजूही ऐकावी लागेल. ३० मुलांच्या वर्गांत एकेकाच्या गळ्याकडे कोण लक्ष देणार? स्वरलिपि कागदावर उतरते. मींड, आंदोलन, दोन स्वरांमधला तो चोरटा श्वास कागदावर उतरत नाहीं. पुस्तकांत छापलेले आलाप आणि ताना शंभर मुलें एकाच ठेक्यांत घोकतात व परीक्षेंत ओततात, हें मीं स्वतः पाहिलें आहे आणि त्यांतला एक अपराधी मीही आहें. पं. भातखंडे यांचाही विष्णु दिगंबरांच्या पद्धतीशीं मतभेद होताच. त्यांनीं निराळी, सोपी स्वरलिपि केली, घराण्यांत दडलेल्या चिजा मिळवून सहा भागांत छापल्या, आणि १९२६ सालीं लखनौस जें मॅरिस कॉलेज निघालें तेथें आपले शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांना प्राचार्य म्हणून बसविलें. ग्रीगनें लाइपझिगविषयीं जी कुरकुर केली तीच या शाळांविषयींही झाली: येथें नियम शिकवितात, गाणें शिकवीत नाहींत. या आरोपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. मैफलीचा गवई अजूनही बहुधा गुरूच्या पायापाशींच तयार होतो. पण ज्या गांवांत गवई नाहीं, राजा नाहीं, दरबार नाहीं, त्या गांवानें काय करावें?

म्हणून आतां आपल्याच गांवची एक गोष्ट सांगतों. आमचे मास्तर विनायकरावांच्या शाळेंतून शिकून सोलापुरास आले होते. साखर पेठेंतल्या एका माडीवर त्यांचा वर्ग भरे, आणि खालीं माग चालत. वर षड्ज, खालीं धोट्याची खटखट. पाहुणे विचारीत, "मास्तर, या आवाजांत गाणें होतें तरी कसें?" मास्तर म्हणत, "त्या आवाजांतून षड्ज ऐकूं आला म्हणजे पोराचा कान तयार झाला समजावें." माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्यांच्याकडे शिके. १९६६ सालीं ती मध्यमा परीक्षा पास झाली, आणि त्याच वर्षीं तिचें लग्न ठरण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. वडिलांनीं वर्ग बंद करविला. मुलगी दाखवितांना एखादें पद म्हणतां आलें म्हणजे पुरे, असा त्या काळचा हिशेब, आणि तेवढें तिला केव्हांच येत होतें.

दोन दिवसांनीं मास्तर घरीं आले. कधीं कोणाच्या घरीं न जाणारे मास्तर ओट्यावर बसले आणि म्हणाले, "अण्णासाहेब, मुलीला आणखी दोन वर्षें द्या. विशारद होऊं द्या."

वडील म्हणाले, "मास्तर, तुमचे उपकार आहेत. पण ती पुढें मैफली थोडीच करणार आहे?"

"मैफलीसाठीं मी कोणालाच शिकवीत नाहीं," मास्तर म्हणाले. "ती शिकवील."

वडिलांनीं दोन वर्षें दिलीं नाहींत, एक दिलें. अक्का विशारद झाली नाहीं. मास्तरांनीं आमच्याजवळ पुन्हां हा विषय काढला नाहीं. लग्नांत आहेर म्हणून मात्र एक तंबोरा पाठविला. तो मिरजेचा होता. त्यांची मिळकत मला पुढें कळली, तेव्हां त्या तंबोऱ्यासाठीं त्यांनीं किती महिने काटकसर केली असेल याचा अंदाज आला. तक्रार करावयाची तर मला वडिलांविषयीं करतां येईल. पण ते आतां नाहींत, आणि त्या काळच्या घरांत त्यांनीं दिलेलें एक वर्षही थोडें नव्हतें.

अक्काचें सासर कुर्डुवाडीचें. तिचे यजमान तेथल्या रेल्वेच्या कारखान्यांत होते. पंढरपुरावरून मिरजेस जाणारी ती लहान रुळांची गाडी तेव्हां चालत होती. परीक्षेच्या वेळीं अक्का त्या गाडीनें चार-पांच मुली घेऊन निघे, टोपलींत दशम्या आणि मांडीवर तंबोरा. मुली रेल्वेच्या चाळींतल्या, कोणी फिटरची, कोणी पॉइंट्समनची. किती मुली शिकल्या हें तिनें कधीं मोजलें नाहीं. त्यांतल्या दोघी शाळांमधून संगीतशिक्षिका झाल्या, एवढें मला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळींत मी तिच्याकडे गेलों होतों. आतां तिचा स्वतःचा आवाज गेला आहे, हात थरथरतात. ती तांदूळ निवडीत बसली होती आणि समोर शेजारची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी भूपाची सरगम म्हणत होती. मी दारांतच थांबलों. मुलगी गंधारावर आली, आणि अक्का मान वर न करतां म्हणाली, "चढला." मुलीनें पुन्हां म्हटलें. "अजून चढतोय." मग तिनें सूप बाजूला ठेविलें, तंबोरा जवळ ओढला आणि जोडाची तार पुन्हां लावावयास घेतली.